पाच भोकांचा दाखला

बंदूक बाळगणाऱ्या माणसाला 'तुमची बंदूक नेमकी आहे का हो?' असे कधी विचारू नये. ते मुलाच्या आईला 'मुलगा हुशार आहे का हो?' असे विचारण्यासारखे आहे. उत्तर ठरलेले असते आणि मार्कशीट कुणी दाखवत नाही. मी भंडारा जिल्ह्यात जन्मलो, इथेच पस्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले, इथेच पेन्शन खातो आहे. एवढ्या काळात 'आमची बंदूक जरा वाकडी मारते' असे म्हणणारा एकही परवानाधारक मला भेटलेला नाही. वाकड्या सुनेविषयी, वाकड्या शेजाऱ्याविषयी, वाकड्या नशिबाविषयी लोक तासन्‌तास बोलतात. वाकडी बंदूक मात्र कुणाच्याच घरी नाही.

आता गणिताच्या मास्तराला एवढे पुरे होते. सगळ्या वर्गाला शंभरपैकी शंभर मिळाले म्हणजे सगळी पोरे हुशार झाली असे होत नाही. परीक्षाच झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझे भांडण नेमके याच गोष्टीशी आहे. आमच्याकडे पिकाच्या राखणीसाठी माणसाला बंदुकीचा परवाना मिळतो, त्याचे नूतनीकरण होते, त्यावर शिक्के बसतात, त्याच्या झेरॉक्स निघतात. पण ती बंदूक, त्या काडतुसाने, अमुक अंतरावर, नेमकी कुठे मारते हे कोणी कागदावर बघितलेले नसते. पहिली परीक्षा थेट रानडुकरावर होते. आणि नापास कोण झाले ते कळेपर्यंत डुक्कर पसार झालेले असते.

ही नुसती मास्तरी कुरकुर नाही. आमच्या मामांच्या शेजारच्या गावी, चैत्रात, पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या एका बाईच्या मांडीत रानडुकराने सुळा घातला. बावीस टाके पडले. पुढे ते डुक्कर मेलेले सापडले तेव्हा त्याच्या मागच्या फऱ्यात जुनी, चिघळलेली जखम होती आणि तिच्यात शिसे होते. कुणीतरी कधीतरी रात्री धुऱ्यावरून बार टाकला होता आणि 'लागली, लागली!' म्हणत घरी जाऊन झोपला होता. लागली होतीच, फक्त जिथे लागायला हवी तिथे नाही. तो बार कुणाचा, याची गावात चौकशी झाली. काही निष्पन्न झाले नाही. कारण गावात सगळ्यांच्या बंदुका नेमक्या होत्या.

आमच्या मामांची शेती साकोली तालुक्यात, एका मामा तलावाच्या खाली आहे. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे माझ्या मामांचा तलाव नव्हे. 'माजी मालगुजारी' याचे सरकारी कागदांनी केलेले ते लाडके संक्षिप्त रूप आहे.) धान लोंबीवर आले की रानडुकरे कळपाने बांध्यांत उतरतात. खातात थोडे, लोळतात फार. सकाळी बांधी बघितली तर तिथे रात्री लग्नाची पंगत उठली असे वाटते. मामांचा राग मला समजतो. आमच्यासारखे शहरात बसून तांदूळ निवडून खाणारे लोक 'प्राणिमात्रांवर दया करा' म्हणतात, तेव्हा मामा फक्त 'ये एकदा जागलीला' एवढेच म्हणतात. त्यांच्यापाशी परवाना आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते, तीही ते रीतसर काढतात. म्हणजे परवाना आहे, परवानगी आहे, डुक्कर आहे. उरला नेम. तो मामांच्या मते वडिलोपार्जित आहे.

"आमच्या बुढ्यानं या बंदुकीनं उडतं पाखरू पाडलं होतं," मामा म्हणतात.

"मामा, ते छऱ्याने. तुम्ही तर आता गोळी घालता."

"बंदूक तेच हाय ना? मले नको शिकवू बाबू."

इथेच सगळी गोम आहे, म्हणून थोडे शिकवतोच. जुनी खोड आहे.

बाराबोर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती नळी बाराबोरची. भोक साधारण साडेअठरा मिलिमीटर. ही नळी आतून आरशासारखी गुळगुळीत असते, कारण ती मुळात छऱ्यांसाठी केलेली असते. छर्रे मूठभर उडतात, पसरतात. एक नाही तर दुसरा लागतो. लोकशाहीसारखा कारभार. रायफलच्या नळीला आतून वळणाचे आटे असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरते आणि भोवरा जसा फिरताना ताठ उभा राहतो तशी सरळ जाते. बाराबोरच्या गुळगुळीत नळीतून एकच मोठी गोळी सोडली तर तिला हे गरगरणे मिळत नाही. नवरदेवाच्या वरातीतल्या हौशी नाचणाऱ्यासारखी ती कुठेही झुकू शकते.

यावर जगाने पुष्कळ डोके चालवले. इथल्याच फौजेत नोकरी केलेल्या फॉसबेरी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८५ मध्ये नळीच्या फक्त टोकाला आटे पाडण्याचे पेटंट घेतले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने तशा बंदुका 'पॅराडॉक्स' या नावाने विकल्या. एकाच बंदुकीने मोरही आणि वाघही, अशी त्या काळच्या साहेबांची सोय झाली. जर्मनीत ब्रेनेकेने १८९८ मध्ये गोळीच्या बुडाला शेपटी जोडली, म्हणजे ती बाणासारखी जावी. अमेरिकेत फॉस्टरने १९३१ मध्ये गोळी मागून पोकळ केली. वजन पुढे, पोकळी मागे. बॅडमिंटनचे फूल कसेही मारा, तोंड पुढे करूनच जाते, तसे. अशा गोळ्यांच्या अंगावर तिरक्या रेघा असतात. त्यांनी गोळी गरगरते असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे त्यांचा मोठा उपयोग एवढाच, की नळीचे तोंड आवळलेले असेल तर शिसे तिथून दबून निघावे.

आणि नळीचे तोंड आवळलेले असतेच. छर्रे फार पसरू नयेत म्हणून ते थोडे चिंचोळे केलेले असते. कुणाचे अर्ध्या मिलिमीटरने, कुणाचे एक मिलिमीटरने. त्यामुळे होते काय, एका बंदुकीला एका कंपनीची गोळी मानवते, दुसरीची मानवत नाही. दुनळी असेल तर आणखी मजा. तिच्या दोन नळ्या छऱ्यांच्या हिशेबाने जुळवलेल्या असतात. गोळी घातली की डावी एक बोलते, उजवी दुसरेच बोलते. चांगल्या दुनळी रायफली करणारे कारागीर त्यासाठी बंदूक कागदावर झाडून बघत, नळ्यांमधली पाचर किंचित सरकवत, पुन्हा डाग देत, पुन्हा झाडत, असे दोन्ही नळ्यांचे एकमत होईपर्यंत करत. ज्यांनी बंदुका केल्या त्यांचा आपल्या बंदुकीवर विश्वास नव्हता, त्यांचा कागदावर होता. विश्वास फक्त आमच्या मामांचा.

या कहाणीत दुसरे पात्र म्हणजे आमचा मामेभाऊ. तो पुण्यात असतो, म्हणजे त्याला सगळे माहीत असते. त्याने मामांच्या एकनळीवर दुर्बीण बसवून आणली. 'आता बघा, पन्नास काय, दोनशे यार्डांवरून उडवाल!' असे तो म्हणाला. दुर्बिणीतून मामांना बांधीपलीकडच्या झाडावरचा खारुताईचा मिशीचा केसही दिसू लागला. घरात आनंदीआनंद झाला.

माझे दुसरे भांडण या दुर्बीणवाल्यांशी आहे. चष्मा लावल्याने माणसाचे अक्षर सुधारत नाही. आपले अक्षर किती वाईट आहे ते त्याला स्पष्ट दिसते, एवढेच. बंदूक पाच गोळ्या जर सुपाएवढ्या जागेत फेकत असेल, तर दुर्बीण लावल्यावरही ती सुपाएवढ्याच जागेत फेकणार. ते सूप डावीकडे धरायचे की उजवीकडे, वर की खाली, एवढेच दुर्बिणीच्या हातात असते. सुपाची वाटी करणे तिला जमत नाही. ते नळीचे आणि काडतुसाचे आपसातले काम आहे. आणि गोळी जड, संथ. पन्नास यार्डांवर जुळवलेली दुर्बीण शंभरावर चार-सहा इंच खोटी ठरते. दोनशेचे तर नावच काढू नये. दुर्बिणीतून दोनशे यार्ड दिसतात हे खरे, पण मला माझ्या गच्चीतून चंद्रही दिसतो.

अखेर मी हट्टाला पेटलो. म्हटले, जे काही मारायचे ते आधी कागदावर मारा. आम्हांला परवानगी देणारी रेंज सापडायला तीन महिने गेले. त्यात निवडणूक आली. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता ऑक्टोबरच्या मध्यावर लागली आणि मतदान झाले २० नोव्हेंबरला, म्हणजे अगदी धानाच्या दिवसांत. मामांची बंदूक ठाण्यात जमा. आचारसंहिता रानडुकरांना लागू नसते हे मामांनी तिथे सांगून पाहिले. साहेब हसले आणि पावती दिली. मामांच्या बंदुकीने आजवर शेतापेक्षा ठाण्यातच जास्त रात्री काढल्या आहेत.

तर एकदाचे रेंजवर पोचलो. मामांपाशी गोळीची बारा काडतुसे होती. पाच लाल, सात हिरवी, दोन वेगळ्या कंपन्यांची. माझे काम भोके मोजण्याचे. मी घरून पितळी ताटली नेली होती. भंडाऱ्याला पितळेची काय कमतरता! ताटली सहा इंच व्यासाची. रानडुकराच्या पुढच्या पायामागे, गोळी लागली की जनावर तिथेच संपावे अशी जी जागा असते, ती साधारण एवढीच. तिच्याबाहेर लागली तर डुक्कर मरते, पण सावकाश, दूर कुठेतरी, आणि वाटेत कुणाला भेटून. मी कागदावर ताटली ठेवून पेन्सिलीने गोल काढला. आमच्या हिने नंतर ताटली का नेली होती म्हणून विचारले. मी 'डब्यासाठी' म्हणालो.

तिथल्या उस्तादांनी आधी बंदूक मोडून, रिकाम्या नळीतून आरपार बघून कागद मधोमध घेतला आणि दुर्बीण त्याच्याशी जुळवली. एकही काडतूस न जाळता अर्धे काम झाले. मग वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून पन्नास यार्डांवर लाल काडतुसे. पहिला बार मामेभावाने काढला. दुर्बिणीला डोळा चिकटवून बसला होता; धक्क्याने तिची कड त्याच्या भुवईवर आली आणि सुरेख चंद्रकोर उमटली. उस्ताद म्हणाले, "दुर्बीण आणि डोळा यांत चार बोटं अंतर ठेवायचं असतं, बेटा." पुढचे बार मामांनी काढले.

पाच लाल गोळ्या कागदावर अकरा इंचांत पडल्या. पण त्यातली दोन भोके एकमेकांना चिकटून होती. मामा त्या दोन भोकांवर बोट ठेवून म्हणाले, "हे पाय! एका भोकात दुसरी!"

"आणि बाकीच्या तीन?"

"त्या हवेनं गेल्या."

वाचकहो, नेमबाजीतली सगळी थोतांडे याच वाक्यात आहेत. चांगल्या दोन आपल्या, वाईट तीन हवेच्या. पोराला गणितात साठ मिळाले तर तो हुशार, वीस मिळाले तर पेपर अवघड. म्हणून तर पाच बार काढायचे, एक नाही, दोन नाही. एका गोळीने काहीच कळत नाही. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असते. पाचांतली सर्वांत दूरची दोन भोके धरायची आणि त्यांचे अंतर मोजायचे. तेच तुमच्या बंदुकीचे खरे चारित्र्य. डुकराला तुमची सरासरी लागत नाही, तुमची सर्वांत वाईट गोळीही लागू शकते.

मग हिरव्या पाच. या पाचही जवळजवळ ताटलीएवढ्या जागेत बसल्या, पण साऱ्या गोलाच्या बाहेर, पाच इंच खाली आणि दोन इंच उजवीकडे. मामांचा चेहरा उतरला. मी मात्र नाचायचा बाकी होतो. कारण ज्या बंदुकीच्या गोळ्या एकत्र पडतात, पण भलतीकडे पडतात, तीच दुर्बिणीने सुधारते. दुर्बिणीच्या फिरकीचा एक टिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच, पन्नासवर त्याच्या निम्मे. पाच इंच वर म्हणजे चाळीस टिक, दोन इंच डावीकडे म्हणजे सोळा. पस्तीस वर्षे त्रैराशिक शिकवले, त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. टिक-टिक-टिक ऐकून मामा म्हणाले, "घड्याळीले चाबी देते का?" उरलेल्या दोन हिरव्या झाडल्या. दोन्ही पेन्सिलीच्या गोलात.

परतताना मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बारा डुकरं गेली बाबू."

हा या विषयातला सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. काडतुसे स्वस्त नाहीत. वर्षाला किती घ्यायची आणि एका वेळी किती बाळगायची ते परवान्याच्या पुस्तकात लिहिलेले असते. गरीब शेतकऱ्याने ती कागदावर का उडवावी? पण मी मामांना विचारले, की लाल पाचांनी डुकरे किती मेली असती? कागद समोर होता. पाचांतल्या तीन ताटलीबाहेर. म्हणजे तीन जखमी डुकरे, तीन चैत्र, तीन पहाटा. शिवाय चुकलेली गोळी चुकली म्हणून थांबत नाही. छर्रे लवकर दमतात. पण औंसभर शिशाचा हा गोळा बांधी ओलांडून, धुरा ओलांडून पुढे कितीतरी जातो. आणि पुढे कुणाची तरी जागल असते, कुणीतरी शेकोटीपाशी बसून आपल्यासारखाच डुकराची वाट बघत असतो. न तपासलेली बारा काडतुसे म्हणजे बारा डुकरे नव्हेत मामा, बारा अंदाज.

मामा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद घडी घालून परवान्याच्या पुस्तकात ठेवला, आणि 'पन्नास यार्डाच्या पलीकडं मी बार नाही काढत' असे गावात सांगू लागले. हे आधीही ते सांगत असत, पण आता ते खरे होते.

आता सरकारविषयी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यायला लावले, हे चांगलेच झाले. बंदूक कशी धरावी, कशी ठेवावी, पोरांपासून कशी लांब ठेवावी हे माणसाला कळायलाच हवे. पण गाडी चालवायला येणे वेगळे आणि या गाडीचा ब्रेक लागतो की नाही ते बघणे वेगळे. आमच्या राज्यात ट्रकला फिटनेस लागते, लिफ्टला तपासणी लागते, वजनकाट्यावर दर ठरावीक मुदतीने शिक्का लागतो. अर्धा किलो वांगी तोलणाऱ्या काट्याची परीक्षा होते. तीस ग्रॅम शिसे ताशी हजार-दीड हजार किलोमीटरने फेकणाऱ्या नळीची होत नाही. नूतनीकरणाच्या वेळी बंदूक नेऊन दाखवायची, तर तिथे नंबर वाचतात. नंबर बरोबर असला की बंदूक बरोबर!

आमच्याच जिल्ह्यात जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे. मी पाहुण्यांना 'आमच्याकडे सरकारी दारूचा कारखाना आहे' असे सांगून त्यांचे चमकणारे चेहरे बघत असे. २४ जानेवारी २०२५ ला तिथल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, तेव्हापासून ती कोटी मी सोडली. पण तिथल्या माणसांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तोफेत भरायची दारू 'नेमकी आहे' असे कुणी म्हणाले म्हणून पुढे जात नाही. प्रत्येक लॉट झाडून, मोजून, लिहून मगच पुढे जातो. ज्या जिल्ह्यात दारू एवढ्या काळजीने तपासली जाते, त्याच जिल्ह्यात धुऱ्यावरचा बार मात्र बुढ्याच्या आठवणीवर निघतो.

माझी मागणी फार मोठी नाही. पोलिसांपाशी रेंज असतात. धान लोंबीवर येण्याआधीचे दोन रविवार तिथे पीक-राखणीच्या परवानाधारकांना बोलवावे. पन्नास यार्डांवर कागद लावावा, त्यावर ताटलीएवढा गोल काढावा, पाच बार काढू द्यावेत. त्या पाच काडतुसांची वर्षाच्या हिशेबात सूट द्यावी. कागदावर काडतुसाचे नाव, अंतर आणि तारीख घालून शिक्का मारावा. पाचही गोलात आली, तर ते अंतर त्याचे. नाही आली, तर पंचवीस यार्डांवर या. तिथेही नाही आली, तर काडतूस बदला. तेही जमले नाही तर फटाके वाजवा, डबे बडवा, कुंपण घाला. डुकराला पळवायला नेम लागत नाही. काडतुसाची कंपनी बदलली की पुन्हा कागद. वनखात्याने परवानगी देताना हा कागद मागावा. आम्हांला नाही तरी जन्मापासून दाखले काढायची सवय आहे. जन्माचा, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा. पेन्शनसाठी तर मी दरवर्षी मी जिवंत असल्याचाही देतो. त्यात एक पाच भोकांचा दाखला जड होणार नाही.

तोपर्यंत वाचकांनी एवढेच करावे. कुठे लग्नात, कुठे पारावर कुणी आपल्या बंदुकीची, दुर्बिणीची, नाहीतर बुढ्याच्या नेमाची गोष्ट रंगवून सांगू लागला, तर त्याला तोडू नये, चहा संपेपर्यंत ऐकून घ्यावे. आणि मग अगदी सौम्यपणे, मान जरा पुढे करून विचारावे : 'ते सगळं खरं जी, पण कागद कुठं हाय?'